भिंगरीचा तात्पुरता क्रमांक

मित्रांनो, मी एक जुना सरकारी कागद आहे, आणि माझ्या शेवटाची तारीख माझ्या जन्माच्या क्षणीच माझ्या अंगावर छापली गेली होती. बरोबर दोन वर्षं. तुम्हाला कुणी असं आधीच सांगून ठेवलेलं नसेल. मला सांगितलं होतं. दुसरे कागद फायलीत पडले की निवांत पिवळे होत जातात. माझ्या वाट्याला तो निवांतपणा आला नाही. मी दिवस मोजत राहिलो.

कर कार्यालयाच्या तळमजल्यावरच्या खरखरणाऱ्या प्रिंटरमधून मी बाहेर पडलो, तेव्हा माझं अंग अजून गरम होतं. माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तात्पुरता करदाता क्रमांक'. खाली नऊ आकडे, त्याखाली एका मुलीचं नाव, आणि मग ती तारीख. खट्‌कन शिक्का बसला, दोन घड्या पडल्या, आणि टपालाच्या पोत्यात दोन दिवस दबून राहिल्यावर मी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलो.

दार उघडलं ते एका सात वर्षांच्या मुलीने. तिला त्या घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. जेवताना तिचे पाय हलत, बोलताना हात हलत, आणि काहीच करायचं नसेल तेव्हा ती जागच्या जागी गोल फिरे. तिला या घरी येऊन जेमतेम अकरा आठवडे झाले होते. ती अनाथ मुलांच्या संस्थेतून आली होती. तिला दत्तक घ्यायचं नक्की झालं होतं, पण कोर्टाचा हुकूम व्हायचा होता. त्याला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर ती मुलगी त्या घरची असते आणि कागदोपत्री नसतेही. अशा मुलांसाठी माझ्यासारखे कागद छापतात.

भिंगरीची आई त्याच इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकामाचं दुकान चालवायची. दवाखान्यातल्या परिचारिकांचे डगले, पाव भाजणाऱ्यांचे एप्रन, असली कामं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. तरुणपणी कामासाठी दुसऱ्या देशातून आले आणि इथलेच झाले, तरी त्यांच्या बोलण्यात अधूनमधून एखादा शब्द अडखळायचा.

मला स्वयंपाकघरातल्या खणात, निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं. तिथे आधीपासून तीन कार्डं राहत होती. ती कोण होती हे नीट सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळेच झाला.

पहिलं कार्ड आईचं. या देशात जन्मलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि तो मरेपर्यंत बदलत नाही. दुसरं बाबांचं. दुसऱ्या देशातून येऊन इथे कमावणाऱ्या माणसालाही कर भरावा लागतो, म्हणून त्याला वेगळा क्रमांक देतात. त्यांच्या कार्डावर लाल अक्षरांत 'परदेशी' असं छापलेलं होतं. तिसरं कार्डसुद्धा आईच्याच नावाचं होतं, पण तो आईचा क्रमांक नव्हता. तो दुकानाचा होता. जिथे माणसं कामाला ठेवतात, त्या जागेला स्वतःचा क्रमांक घ्यावा लागतो. आईच्या दुकानात काज-बटणाचं काम करणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांचा पगार त्या क्रमांकावर दाखवला जाई. आणि चौथा मी. चौघांच्याही अंगावर नऊ-नऊ आकडे. लांबून पाहिलं तर एका आईची लेकरं वाटावीत इतके सारखे. पण काम प्रत्येकाचं निराळं.

वर्ष संपलं, कराचं विवरणपत्र भरायची वेळ आली. आई फोल्डर घेऊन फॉर्मवाल्या काकांकडे गेली. कर कार्यालयामागच्या गल्लीत काकांची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात कण्हणारा पंखा. तीस वर्षं ते लोकांचे फॉर्म भरून देत होते. अशा माणसांनाही सरकार एक क्रमांक देतं, आणि भरलेल्या प्रत्येक फॉर्मच्या तळाशी त्यांना तो लिहावा लागतो, म्हणजे चूक कुणाच्या हातून झाली ते कळतं.

"यंदा घरात माणूस वाढलं म्हणायचं," काका चष्मा पुसत म्हणाले.

"हो. तिचं नाव आलं पाहिजे हं त्यात, काका. कोर्टाला हीच प्रत दाखवायची आहे, ती आमच्याकडे राहते म्हणून."

"येणार, येणार. तुम्ही काळजीच करू नका."

चौकट सहामध्ये त्यांनी माझे आकडे उतरवले. चौकट सातमध्ये लिहायचं होतं, 'ही व्यक्ती ज्यांच्याकडे राहते त्यांचा क्रमांक'. काकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. आईचं नाव वाचलं आणि खालचे आकडे लिहून टाकले. मित्रांनो, ते दुकानाचं कार्ड होतं. मी शेजारीच पडलो होतो. माझ्या अंगावर काटा आला, पण कागदाला ओरडता येत नाही. आईने सही केली, आणि तो फॉर्म कार्यालयात गेला.

काही महिने काहीच झालं नाही. भिंगरी शाळेत वाचायला शिकली, आणि मग तिला वाचनाचं वेडच लागलं. डब्यांवरचं, बसवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, दिसेल ते वाचायची. एका रविवारी बाबा बेसिनखाली आडवे होऊन गळका पाईप बघत होते आणि भिंगरी त्यांना पाना हवा म्हणून खण उपसत होती. तिच्या हाती फोल्डर लागला. तिने मला बाहेर काढलं, घड्या उलगडल्या, आणि बोट ठेवत वाचायला लागली. "ता... त्पु... र... ता." खाली तिचं स्वतःचं नाव होतं. तेही तिने वाचलं.

"बाबा, तात्पुरता म्हणजे काय?"

"तात्पुरता?" बेसिनखालून आवाज आला. "थोड्या दिवसांपुरता. हे बघ, या पाईपला मी आत्ता चिंधी बांधली ना, ती तात्पुरती. नवा पाईप आणला की काढायची आणि फेकून द्यायची."

बाबांनी वर पाहिलं नाही. ती काय हातात धरून उभी आहे हे त्यांना दिसलं नाही. मला मात्र तिचा हात जाणवला. तो थंडगार पडला होता, आणि कधी नव्हे ते ती अगदी स्थिर उभी होती. मग तिने मला घड्या घालून होता तसा ठेवला आणि बाबांना पाना नेऊन दिला.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. भिंगरी या घरी येण्याआधी आणखी एका घरी आठ महिने राहिली होती. त्या लोकांनी तिला परत पाठवलं. संस्थेच्या वहीत कारण लिहिलं होतं, 'जमले नाही'. तिने काही तोडफोड केली होती असं नाही. नुसतंच जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतून आली की थेट दुकानात जायला लागली. बटणं रंगाप्रमाणे लावून ठेव, दोऱ्यांची रिळं पुस, जमिनीवरच्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा कर, डगल्यांच्या घड्या घाल. कुणी सांगितलेलं नसताना. आईला वाटलं, पोरीला आपल्या कामाची गोडी लागली. तिने कौतुकाने तिच्या मापाचा एक एप्रन शिवला आणि एक टेप तिच्या गळ्यात घातली.

"ही मुलगी श्वास घ्यायला तरी थांबते का?" काजवाल्या मावशी म्हणायच्या. "अगं, जरा बाहेर खेळ जा."

"एवढं झालं की जाते," भिंगरी म्हणायची. एवढं कधी होतच नसे.

मी वर खणात पडल्या पडल्या दुकानातून येणारा मशिनचा आवाज ऐकायचो आणि तळमळायचो. माझ्या कपाळावरच्या एका शब्दापायी ती राबत होती. तो शब्द मुलीसाठी नव्हताच. तो नऊ आकड्यांसाठी होता. पण ते तिला सांगणार कोण?

मग ते पत्र आलं. माझे एकाहत्तर दिवस उरले होते.

आईने ते उभ्याउभ्या वाचलं. मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'चौकट सातमधील क्रमांक एका आस्थापनेचा आहे. सदर अल्पवयीन व्यक्ती त्या आस्थापनेत कोणत्या नात्याने आहे याचा खुलासा करावा. प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल.'

"म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे त्यांना वाटतंय की आपण तिला दुकानात कामाला आणलंय."

पत्राची एक प्रत संस्थेलाही गेली होती. तासाभरात संस्थेच्या बाईंचा फोन आला. बाई चांगल्या होत्या, पण नियम त्यांनी बनवलेले नव्हते. चौकशी संपेपर्यंत कोर्टाची तारीख थांबवली होती. आणि तात्पुरत्या क्रमांकाची मुदत संपेपर्यंत हुकूम झाला नाही, तर मुलीची फाईल पहिल्यापासून उघडावी लागेल.

"आणि तोवर ती?" आईने विचारलं.

पलीकडून आलेलं उत्तर मला ऐकू आलं नाही. आई मात्र फोन कानाला धरूनच स्टुलावर बसली.

दुसऱ्या दिवशी दोघंही काकांकडे गेले. काकांनी फॉर्मची प्रत पाहिली, कार्डं पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझ्याच हातून झालंय हो हे," ते हळूच म्हणाले. "डोळ्यांत मोतीबिंदू आहे. काढायचा, काढायचा म्हणतोय."

"मग तेवढं लिहून द्या," बाबा म्हणाले. "एवढंच लिहा, चूक झाली."

काकांनी चष्मा काढला. "माझ्या नंबरवर यंदा दोन चुका लागल्यात. तिसरी लागली की नंबर बंद. मग मी करायचं काय? या खोलीशिवाय मला दुसरं काही येत नाही." मग नजर चुकवत म्हणाले, "तुम्ही असं सांगा ना, की तुम्हीच चुकीचं कार्ड दिलंत."

"मी तिन्ही कार्डं दिली होती, काका," आई म्हणाली. तिने फोल्डर उचलला आणि दोघं बाहेर पडले.

पाहणीला येणारे साहेब मंगळवारी दुपारी आले. उंच, थकलेले, हातात जुनी बॅग. खुलाशासाठी लागेल म्हणून आईने फोल्डर खालीच आणून ठेवला होता, त्यामुळे मी सगळं पाहिलं. भिंगरी नुकतीच शाळेतून आली होती. अंगात एप्रन, गळ्यात टेप, समोर बटणांच्या सहा ताटल्या. आईने सांगितलेलं सगळं साहेबांनी लिहून घेतलं. मग ते भिंगरीसमोर उकिडवे बसले.

"काय चाललंय?"

"पांढरी वेगळी आणि दुधी वेगळी करतेय. दिसायला सारखी असतात, पण डगल्यावर चूक झाली तर उठून दिसते."

"अरे वा. रोज करतेस?"

"रोज." भिंगरी ताठ बसली आणि अभिमानाने म्हणाली, "मी इथे कामाला आहे."

मशिन थांबली. मावशींच्या हातातला डगला तसाच राहिला.

"असं?" साहेबांचा आवाज बदलला नाही. "आणि पगार?"

"दूध आणि बिस्किटं. आणि रविवारी तळ्यावर नेतात."

"अगं, काय बोलतेस!" आई ओरडली. "साहेब, ती खेळते हो. लहान आहे, तिला..."

साहेबांनी हात वर केला. "बाई, एक मिनिट." मग पुन्हा भिंगरीकडे वळून म्हणाले, "तुला कामाला कुणी लावलं?"

"कुणी नाही. माझी मी लागले."

"का गं?"

भिंगरीचे पाय स्टुलाखाली हलायला लागले. तिने आधी आईकडे पाहिलं, मग बटणांकडे. "काम करणाऱ्यांना परत पाठवत नाहीत," ती म्हणाली. "मावशी बारा वर्षं आहेत."

आईचा हात तोंडावर गेला. साहेब उठले, बॅगेवर वही ठेवून बराच वेळ लिहीत राहिले. निघताना म्हणाले, "चौकटीतला घोळ मला दिसतोय. तो दुरुस्तीच्या अर्जाने सुटेल, पण फॉर्म कुणी भरला त्याचा जबाब लागेल. आणि मुलगी जे बोलली, ते मला लिहावं लागणार. ते मी खोडू शकत नाही. गुरुवारी दहा वाजता सगळे मूळ कागद घेऊन या. मुलीलाही आणा."

आई इतकी घाबरली होती, की तिने हाताला येईल ते पहिलं केलं. भिंगरीचा एप्रन काढला, टेप काढली आणि म्हणाली, "आजपासून दुकानात पाऊल टाकायचं नाही. कळलं?" तिला मुलीला वाचवायचं होतं. मुलीच्या कानांनी मात्र वेगळंच ऐकलं. तिला वाटलं, कामावरून काढलं.

बुधवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. खण उघडला. भिंगरीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि टाके उसवायच्या बारीक सुरीने माझ्या कपाळावरचा पहिला शब्द खरवडायला लागली. मला कळत होतं हे भलतंच होतंय. सरकारी कागदावर असं कुणी काही केलं तर त्याची किंमत उरत नाही. पण खरं सांगू? त्या शब्दाचा मलाही इतका उबग आला होता, की सुरी लागत असताना मला सुटल्यासारखं वाटत होतं. 'ता' गेला. 'त्पु' गेला. शेवटच्या 'ता'शी कागद झिजला आणि मला आरपार भोक पडलं.

आई वर आली ती नेमकी तेव्हाच.

"हे काय केलंस तू!" तिने मला उचललं. भोकातून खिडकीचा उजेड पडला. "उद्या दाखवायचाय हा कागद! उद्या!"

"तो शब्द काढला," भिंगरी म्हणाली. "आता त्यावर नुसतं 'करदाता क्रमांक' आहे. आता मी तात्पुरती नाही. आता पाठवता येणार नाही."

आईने तिला जवळ ओढलं आणि दोघी जमिनीवर बसल्या. जिन्यावर बाबांच्या हत्यारांच्या पेटीचा आवाज झाला. ते आत आले, त्यांनी मला पाहिलं, सुरी पाहिली. "तो शब्द तुला कुणी सांगितला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. चिंधी. नवा पाईप आला की फेकून द्यायची."

बाबांना आठवायला क्षणभर लागला. आठवलं तेव्हा त्यांनी पेटी जमिनीवर ठेवली आणि तेही खाली बसले. तिघंही जमिनीवर. मग त्यांनी फोल्डरमधून आपलं कार्ड काढलं. "वाच. इथे काय लिहिलंय?"

"प... परदेशी."

"एकोणीस वर्षं लिहिलेलंच आहे ते. मी कुठे राहतो?"

"इथे."

"इथली माणसं मला काय म्हणतात? परदेशी म्हणून हाक मारतात?"

"नाही. आई अहो म्हणते. मावशी लिफ्टवाले म्हणतात."

"आणि तू?"

"बाबा."

"मला पण पहिल्यांदा हा शब्द वाचून फार वाईट वाटलं होतं," बाबा म्हणाले. "पंधरा दिवस कार्ड उलटं ठेवायचो. मग समजलं, हा शब्द नंबराचा आहे. कार्यालयातल्या लोकांना कुठला नंबर कुठल्या कपाटात ठेवायचा ते कळायला लागतं ना, त्यासाठी. तुझा नंबर तात्पुरता आहे, कारण कायमचा यायचाय. नंबर बदलणार. तू नाही बदलणार."

"आणि हे बघ," आई म्हणाली. "मावशींना मी कामाला ठेवलंय. त्यांनी काम नीट नाही केलं तर मी त्यांना काढू शकते. त्यांना कंटाळा आला तर त्या मला सोडू शकतात. तुझं तसं नाहीये. तू उद्यापासून लोळत पडलीस, एक बटणसुद्धा उचललं नाहीस, तरी तू इथेच. मला फार राग येईल. पण तू इथेच."

"किती राग येईल?"

"खूप."

"मग काय करशील?"

"ओरडेन. आणि मग जेवायला वाढेन."

मग भिंगरीने मला सरळ केलं, भोकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आता उद्या काय सांगायचं?"

"खरं," बाबा म्हणाले.

गुरुवारी कार्यालयाच्या बाकावर तिघं रांगेत बसले होते. दहा वाजून गेले. मी आईच्या मांडीवर फोल्डरमध्ये होतो. माझे बावन्न दिवस उरले होते. साहेबांनी आत बोलावलं, एकेक कागद पाहिला, आणि मला उचलून उजेडाकडे धरलं.

"हे कुणी केलं?"

"मी," भिंगरी म्हणाली. "मला वाटलं मी तात्पुरती आहे. पण नंबर तात्पुरता आहे. काल कळलं."

साहेबांनी मला टेबलावर ठेवलं आणि उगाचच चष्मा पुसला. "फॉर्म भरणाऱ्याचा जबाब?" त्यांनी विचारलं.

आई काही बोलायच्या आत दारावर टकटक झाली. फॉर्मवाले काका होते. हातात स्वतःच्या अक्षरात लिहिलेला एक कागद. "दहाची वेळ मावशींकडून कळली, पण जिन्यांना वेळ लागला," ते म्हणाले. "दिसत नाही ना नीट." कागद त्यांनी साहेबांसमोर ठेवला. "चौकट सातमधली चूक माझी. खाली माझा नंबर टाकलाय. काय करायचं ते त्याचं करा. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन ठरवून आलोय."

"तिसरी आहे ही, काका," साहेब म्हणाले.

"ठाऊक आहे मला. मोजता येतं अजून."

काकांचा क्रमांक सहा महिने बंद राहिला. मी हे तुम्हाला गोड करून सांगणार नाही. ते सहा महिने त्यांना जड गेले. पण ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, आणि क्रमांक परत मिळाल्यावर त्यांनी नियम केला, कार्डावरचं नाव नाही, आधी कार्डाचा प्रकार वाचायचा, तोही समोरच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यायचा.

त्या दिवशी साहेबांनी दुरुस्तीचा अर्ज घेतला. माझ्या भोकाशेजारी त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं, 'छिद्र मुलीने पाडले आहे. क्रमांक वाचता येतो. ग्राह्य.' आणि सही केली. माझ्या अंगावर शिक्के पुष्कळ बसले, पण कुणी माझ्या बाजूने लिहिलेली ती एकच ओळ.

चौकशी मात्र तिथे संपली नव्हती. साहेबांना आणखी एकदा, आधी न कळवता, पाहणी करणं भाग होतं. ते आले तेव्हा भिंगरी दुकानात होती, पण कापडाच्या गठ्ठ्यावर उलटी लोळत होती. पाय भिंतीवर, डोकं खाली. पांढरी आणि दुधी बटणं जमिनीभर एकत्र सांडलेली होती, आणि आई चढ्या आवाजात तिला पसारा उचलायला सांगत होती. "उचलते गं, जरा थांब," असं म्हणून ती तशीच लोळत राहिली. साहेब दारातच पाच मिनिटं उभे राहिले आणि परत गेले. त्यांच्या अहवालाची प्रत पुढे फोल्डरमध्ये आली, म्हणून मला माहीत आहे. त्यात लिहिलं होतं, 'मूल काम करीत नव्हते. सांगूनही करीत नव्हते.'

कोर्टाची तारीख लागली. मग ती आठ दिवस पुढे गेली. मग न्यायाधीश आजारी पडले. त्या दिवसांत घरात कुणाच्याच हातून एक काम धड होत नव्हतं. बाबा एका लिफ्टचं दार दोनदा उलटं बसवून आले. आईने एका डगल्याला तीन बाह्या कापल्या. भिंगरी गोल गोल फिरायची आणि विचारायची, "अजून किती?" माझे चार दिवस उरले असताना हुकूम झाला.

हुकूम घेऊन ते कायमच्या क्रमांकासाठी कार्यालयात आले. खिडकीमागे एक तरुण कारकून बसली होती. तिने नवं कार्ड छापलं आणि आईच्या हातात दिलं. मग मला समोर ओढलं, पट्टी ठेवली आणि माझ्या नऊ आकड्यांवरून लाल शाईची एक रेघ मारली. दुखलं नाही. खरं तर दोन वर्षांत पहिल्यांदाच मला स्वस्थ वाटलं.

भिंगरी टाचा उंचावून पाहत होती. "आता हा नंबर दुसऱ्या मुलीला देणार?"

"नाही," कारकून म्हणाली. "एकदा दिलेला नंबर परत कुणाला देत नाही आम्ही."

"कधीच?"

"कधीच. तो तुझ्यापुरताच होता."

भिंगरीने हात पुढे केला. "मग द्या इकडे." कारकून बाईने वरिष्ठांकडे पाहिलं, वरिष्ठांनी खांदे उडवले, आणि मी खिडकीखालून परत तिच्या हातात आलो. आता ती मोठी आहे, उंच आहे, अजूनही बसल्या जागी पाय हलवते. मी तिच्या स्वतःच्या खणात असतो.

मित्रांनो, तुम्हीही उद्या फॉर्म भराल. कुठला क्रमांक माणसाचा, कुठला कामाच्या जागेचा, कुठला थोड्या दिवसांचा, हे नीट पाहा, आणि नाही कळलं तर लाजू नका, विचारा. माझी आणखी एक विनंती आहे, आणि तीच खरी. तुमच्या घरात एखादं मूल नुकतंच वाचायला शिकलं असेल, तर त्याच्या नावाचे जेवढे कागद घरात आहेत तेवढे बाहेर काढा. त्याला शेजारी घेऊन बसा, आणि ते त्याच्याबरोबर मोठ्याने वाचा. एकट्याने वाचायला ठेवू नका.